सायकल शर्यतीचे गणित



२०१७ सालच्या प्रजासत्ताकदिनी आमच्या तालुक्याच्या गावी एका तरुण मंडळाने शाळकरी मुलांसाठी सायकल शर्यत भरवली होती. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे वेळ मोजण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. आमच्यासारख्या गावात सायकल शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक कुठून असणार? मैदानाच्या कडेने फक्की टाकून सुमारे ३०० मीटरांची फेरी आखली होती. अशा पाच फेऱ्या मारायच्या होत्या. स्पर्धक सोळा. सर्वांना एकदम सोडणे शक्य नव्हते, म्हणून आठ-आठ मुलांच्या दोन तुकड्या केल्या. पहिल्या तुकडीची वेळ मी घेतली. दुसऱ्या तुकडीची वेळ दुसऱ्या एका शिक्षकांनी, त्यांच्या स्वतःच्या घड्याळावर घेतली.

दुसरी तुकडी सुटली आणि पहिल्याच वळणावर तीन सायकली एकमेकींवर आदळल्या. एका मुलाच्या मनगटाचे हाड मोडले. स्वयंसेवक पडलेल्यांना उचलण्यासाठी धावले. मागून येणारा नववीतला एक मुलगा त्यांना चुकवण्यासाठी बाहेरच्या बाजूला गेला आणि पुढच्या दोन फेऱ्या तसाच बाहेरून सायकल चालवत राहिला. तरीही आपल्या तुकडीत तो पहिला आला. त्याची वेळ होती ४ मिनिटे ३०.५ सेकंद. पहिल्या तुकडीतील विजेत्याची वेळ होती ४ मिनिटे ३०.३ सेकंद. चषक पहिल्या तुकडीच्या विजेत्याला मिळाला. निकाल मीच जाहीर केला.

बक्षीस समारंभ झाल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. रडत नव्हता की भांडत नव्हता. त्याने एवढेच विचारले, "सर, तुम्ही बटण नेमकं त्याच क्षणी दाबलंत आणि त्या सरांनीही नेमकं त्याच क्षणी दाबलं, हे कशावरून?"

दरवर्षी वर्गात 'मापनातील चुका' हा धडा शिकवणाऱ्या माणसाजवळ या प्रश्नाचे उत्तर असायला हवे होते. खरे म्हणजे ते होतेही. पण ते दिले असते तर चषक परत मागावा लागला असता. मी "बघू या" असे काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो.

त्या दिवशीच्या चुका नंतर वहीत मांडल्या तेव्हा लक्षात आले, की त्या तीन प्रकारच्या होत्या: अंतराची चूक, वळणाची चूक आणि वेळेची चूक. तिन्ही टाळण्यासाठी ट्रॅकची गरज नव्हती. नववी-दहावीचे गणित आणि विज्ञान पुरेसे होते. तुमच्या शाळेत किंवा गावात अशी शर्यत भरवायची झाली तर हे गणित उपयोगी पडेल, म्हणून ते क्रमाने पाहू.

बाहेरून जाणाऱ्याचे नुकसान किती?

समजा, वर्तुळाकृती मार्गावर दोन सायकलस्वार शेजारीशेजारी जात आहेत. आतल्याच्या मार्गाची त्रिज्या ४० मीटर आहे आणि बाहेरचा त्याच्यापासून १ मीटर अंतरावर आहे, म्हणजे त्याची त्रिज्या ४१ मीटर. आतल्याला एका फेरीत २ × ३.१४ × ४० मीटर जावे लागते, बाहेरच्याला २ × ३.१४ × ४१ मीटर. वजाबाकी केली, की उरतात २ × ३.१४ × १, म्हणजे ६.२८ मीटर.

या वजाबाकीत एक गंमत आहे. त्यात ४० हा आकडा उरतच नाही. त्रिज्या ४० मीटरांऐवजी ४०० मीटर घेतली, तरी फरक ६.२८ मीटरच. मार्ग अगदी गोल नसून दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळे असा असला तरीही तेवढाच. कारण सरळ भागात दोघांचे अंतर सारखेच असते आणि दोन अर्धवर्तुळे मिळून एक पूर्ण वर्तुळ होते. मैदान लहान असो वा मोठे, एक मीटर बाहेरून जाणारा प्रत्येक फेरीला सव्वासहा मीटर जादा जातो. धावण्याच्या शर्यतीत बाहेरच्या पट्ट्यांतील धावपटूंना पुढे उभे करतात ते याचसाठी.

आमच्या त्या मुलाने दोन फेऱ्या निदान एक मीटर बाहेरून मारल्या होत्या. म्हणजे तो सुमारे साडेबारा मीटर जास्त गेला. त्याचा सरासरी वेग सेकंदाला साधारण साडेपाच मीटर होता. म्हणजे या जादा अंतरासाठी त्याला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला. आणि तो हरला होता दोन-दशांश सेकंदाने!

धावण्याच्या शर्यतीप्रमाणे सायकलींना पट्ट्या आखून देता येतील का? लहान मैदानावर ते जमत नाही. सायकल डोलते, वळताना तिला जागा लागते, आणि पुढे जाण्यासाठी पट्टी सोडावीच लागते. शिवाय दुसऱ्याच्या मागे दडून सायकल चालवणाऱ्याला हवेचा विरोध बराच कमी होतो. तेव्हा एकत्र सोडलेल्या शर्यतीत पायांच्या ताकदीबरोबर जागा पटकावण्याच्या हुशारीचीही परीक्षा होते. मोठ्या रस्त्यांवरील शर्यतींत तेच तर कौशल्य असते. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटाची चढण सर्वांत आधी पार करणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणून गौरवतात. पण तेथे रस्ता रुंद असतो, स्पर्धक सराईत असतात आणि बंदोबस्त असतो. शाळकरी मुलांच्या, अरुंद जागेतील शर्यतीला हा प्रकार योग्य नव्हे.

एकेकाला सोडा

यावरचा तोडगा फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सायकलींच्या घोळक्याने होणाऱ्या रस्त्यावरील शर्यतींविरुद्ध मोठी ओरड झाली. घोडे बुजत, अपघात होत, पोलीस खटले भरत. तेथील सायकल संघटनेने अशा शर्यती बंद केल्या. तेव्हा एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ साली वेगळ्या पद्धतीची शर्यत घेतली. स्पर्धकांना एकदम न सोडता ठरावीक अंतराने एकेकाला सोडायचे. प्रत्येकाची शर्यत घड्याळाशी. ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो विजयी. पुढे कित्येक वर्षे तेथील स्पर्धक साधे काळे कपडे घालून, भल्या पहाटे, फारसा गाजावाजा न करता अशा शर्यती खेळत. रस्त्यावर घोळका नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

ही घड्याळाची शर्यत आज जगातील मोठ्या स्पर्धांतही असते. १९८९ सालच्या 'टूर द फ्रान्स'चा निकाल अखेरच्या दिवशीच्या साडेचोवीस किलोमीटरांच्या अशाच शर्यतीने फिरला. तीन आठवडे आणि तीन हजार दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर सायकल चालवल्यावर अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्याँपेक्षा अवघ्या आठ सेकंदांनी पुढे राहिला.

आपल्या दृष्टीने या पद्धतीचे तीन फायदे आहेत. सगळ्यांना मार्ग एकच मिळतो. कोणी कोणाच्या आड दडू शकत नाही. आणि टक्कर होण्याचा संभव फारच कमी होतो.

दोन स्पर्धकांमध्ये किती वेळ सोडावा, हे मात्र हिशेबाने ठरवावे. समजा, मार्ग २ किलोमीटरांचा आहे. सर्वांत वेगवान मुलगा ताशी २४ कि.मी. वेगाने जाईल, त्याला ५ मिनिटे लागतील. सर्वांत सावकाश जाणारा ताशी १८ कि.मी. वेगाने जाईल, त्याला ६ मिनिटे ४० सेकंद लागतील. दोघांत १०० सेकंदांचा फरक आहे. आता सावकाश मुलामागून लगेच वेगवान मुलगा सुटला आणि मधले अंतर एकच मिनिट असले, तर तो त्याला वाटेत गाठणार. अंतर दोन मिनिटे, म्हणजे १२० सेकंद ठेवले, तर गाठ पडणारच नाही. वीस स्पर्धक असतील तर पहिला सुटल्यापासून ३८ मिनिटांनी शेवटचा सुटेल. सकाळी सातला सुरुवात केली, तर पावणेआठच्या सुमारास सारे आटोपते.

वेळ सकाळचीच का? एक तर रहदारी कमी असते. दुसरे म्हणजे सकाळी वारा बहुधा पडलेला असतो. ऊन चढले की तो सुटतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे समोरचा वारा सायकलस्वाराला फार जाचतो. वारा मध्येच सुटला, तर उशिरा निघणाऱ्यांवर अन्याय होतो. कोणी कितव्या क्रमांकावर सुटायचे, हे म्हणून चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

चाकाने रस्ता मोजा

दोन किलोमीटर अंतर मोजायचे कसे? मोटारसायकलच्या मीटरवर भरवसा ठेवू नये. तो शंभर मीटरच्या आतले काही सांगत नाही. टेप लावून मोजायला दिवस जाईल. पण सायकलचे चाक हीच एक उत्तम मोजपट्टी आहे. १९६१ साली इंग्लंडमध्ये जॉन ज्युएल यांनी धावण्याच्या शर्यतींचे मार्ग सायकलने काटेकोर मोजण्याची पद्धत लिहून काढली. १९७१ साली अमेरिकेत ॲलन जोन्स यांनी त्यासाठी चाकाला जोडण्याचा मोजक तयार केला. आज मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटरही सायकल चालवूनच मोजतात!

तुम्हाला लागेल एक सायकल, एक लांब टेप आणि खडू. आपली साधी मोठी सायकल २८ इंची चाकाची असते. २८ इंच म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर. त्याला ३.१४ ने गुणले, की परीघ येतो २ मीटर २३ सेंटिमीटर. पण हा आकडा वापरू नका. तुम्ही सायकलवर बसता तेव्हा टायर खाली थोडा चपटा होतो आणि चाकाच्या एका फेऱ्यात सायकल थोडे कमी अंतर जाते. किती कमी, ते हवेच्या दाबावर आणि तुमच्या वजनावर अवलंबून असते. म्हणून परीघ काढायचा नाही, मोजायचा.

सरळ रस्त्यावर टेपने १०० मीटर आखून घ्या. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला जाड प्लास्टिकची पट्टी अशी बांधा, की दर फेऱ्याला ती चाक धरणाऱ्या चिमट्यावर एकदाच 'टक्' वाजेल. आता सायकलवर बसून, सरळ रेषेत, सावकाश १०० मीटर जा आणि फेरे मोजा. शेवटी अर्धवट राहिलेला फेरा स्पोक मोजून काढा. साध्या सायकलच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ स्पोक असतात. म्हणजे एक स्पोक सरकला, की सायकल सुमारे ७ सेंटिमीटर पुढे जाते. आमच्या सायकलला १०० मीटरांत ४५ फेरे आणि १५ स्पोक लागले. म्हणजे ४५.४७ फेरे. १०० ला ४५.४७ ने भागले, की एका फेऱ्याचे अंतर आले २.२० मीटर. पुस्तकी आकड्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी.

मग २ किलोमीटरांसाठी किती फेरे? २००० भागिले २.२०, म्हणजे ९०९ फेरे आणि तीन स्पोक. मोजताना विसरायला होते, म्हणून पन्नास फेरे झाले की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकावा. मोजणी झाल्यावर त्याच १०० मीटरांवर पुन्हा एकदा फेरे मोजून पाहा. ऊन चढल्यावर टायरमधली हवा तापते, दाब वाढतो आणि चाक किंचित मोठे होते. दोन्ही मोजण्यांची सरासरी घ्यावी. रस्ता वळतो तेथे स्पर्धक जवळची वाट धरणार, म्हणून मोजणाऱ्यानेही आतल्या कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटर ठेवून तीच वाट धरावी. मॅरेथॉन मोजणारे शेवटी दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात, म्हणजे मोजणीत थोडी चूक झाली तरी मार्ग आखूड पडत नाही. आपण दोन किलोमीटरांना दोन मीटर, म्हणजे जवळजवळ आणखी एक फेरा धरावा.

कोणी म्हणेल, सर्वांना मार्ग एकच आहे, मग अंतर पाच-दहा मीटर इकडेतिकडे झाले तर काय बिघडले? त्या दिवसाच्या निकालात काहीच बिघडत नाही. पण पुढच्या वर्षी कोणी म्हणाले, की "मी गेल्या वर्षीचा विक्रम मोडला", तर ते खरे की खोटे, हे अंतर नीट मोजलेले असल्यावाचून सांगता येणार नाही.

वळणावर मुले का पडली?

सायकल वळते तेव्हा तिला वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. त्याला अभिकेंद्री बल म्हणतात. सपाट जमिनीवर हे बल पुरवणारे एकच काही असते: टायर आणि जमीन यांमधील घर्षण. लागणारे बल घर्षणाच्या मर्यादेपलीकडे गेले, की चाक बाहेर घसरते आणि सायकलस्वार आडवा होतो.

नियम असा: वेगाच्या वर्गाला त्रिज्येने आणि ९.८ ने भागा. येणारी संख्या घर्षणांकापेक्षा कमी असली पाहिजे. (वेग मीटर प्रतिसेकंद, त्रिज्या मीटर.) या नियमात स्पर्धकाचे वजन येत नाही, हे ध्यानात घ्या. बारकुडा मुलगा असो वा धिप्पाड, घसरण्याचा वेग तोच!

आमच्या मैदानाच्या कोपऱ्यावरील वळणाची त्रिज्या जेमतेम ५ मीटर होती. मुले ताशी २० कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर वेगाने आली. वर्ग ३०.९. भागिले ५, भागिले ९.८, उत्तर ०.६३. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर घर्षणांक याहून जास्त असतो. तेथे कदाचित निभावले असते. पण मैदानावर होता सुटा मुरूम.

मुरमाचा घर्षणांक तुम्हीही मोजू शकता. सायकलचे दोन्ही ब्रेक दोरीने घट्ट आवळून बांधा, म्हणजे चाके फिरणार नाहीत. ताणकाटा अडकवून सायकल जमिनीला समांतर ओढा. सायकलचे वजन २० किलोग्रॅम असेल आणि ती ८ किलोग्रॅमच्या ओढीला सरकू लागली, तर घर्षणांक ८ भागिले २०, म्हणजे ०.४. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन मोजला, तो जवळपास एवढाच भरला. लागत होता ०.६३, जमिनीजवळ होता ०.४. ती मुले बेसावध होती म्हणून पडली, असे सारे म्हणत होते. हे गणित केल्यावर मला तसे म्हणता येईना. त्या वेगाने त्या वळणावर कोणीही पडला असता. चूक वळण आखणाऱ्यांची होती, आणि त्यांच्यात मीही उभा होतो.

शर्यतीसाठी बांधलेल्या ट्रॅकवर ही अडचण जमीनच तिरकी करून सोडवलेली असते. २५० मीटरांच्या ट्रॅकवर वळणांपाशी ती सुमारे ४२ अंशांनी कललेली असते. आपल्याला ते शक्य नाही. म्हणून मोजलेला घर्षणांक निम्मा करावा, कारण एखाद्या जागी खडी जास्त असू शकते, आणि त्यावरून वळणाचा सुरक्षित वेग काढावा. ०.२ धरून आकडे असे येतात:

त्रिज्या ५ मीटर: ताशी ११ कि.मी.
त्रिज्या १० मीटर: ताशी १६ कि.मी.
त्रिज्या १५ मीटर: ताशी १९ कि.मी.
त्रिज्या २० मीटर: ताशी २२ कि.मी.

त्रिज्या चौपट केली तेव्हा कुठे वेग दुप्पट करता आला, हे पाहा. मैदानातच शर्यत घ्यायची असेल, तर वळणे शक्य तितकी मोठी आखा आणि तेथील सुटी खडी झाडून काढा. पण सर्वांत सुरक्षित वळण म्हणजे नसलेले वळण. गावाबाहेर तलावाकडे किंवा एखाद्या वस्तीकडे जाणारा, कमी रहदारीचा, जवळपास सरळ रस्ता मिळाला तर तोच घ्यावा. शर्यत एका टोकाला सुरू आणि दुसऱ्या टोकाला समाप्त. पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांची परवानगी आधी घ्यावी. रस्त्याला मिळणाऱ्या प्रत्येक फाट्यावर मोठ्या माणसाला झेंडा घेऊन उभे करावे.

शेवटच्या रेषेनंतरची जागा

शर्यत रेषेवर संपते; सायकल संपत नाही. शेवटी जोर लावून ताशी ३० कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर वेगाने येणारा मुलगा रेषा ओलांडतो, भानावर येतो, ब्रेक दाबतो. यात एक सेकंद जातो आणि ८ मीटर सरतात. साध्या ब्रेकने वेग दर सेकंदाला फार तर अडीच मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो असे धरले, तर थांबेपर्यंत आणखी १४ मीटर लागतात. एकूण २२ मीटर. हाच हिशेब ताशी १५ कि.मी. वेगासाठी केला तर जेमतेम ८ मीटर येतात. वेग दुप्पट, पण जागा जवळजवळ तिप्पट. म्हणून रेषेपुढे ५० मीटर रस्ता मोकळा हवा. प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला रेषेच्या अलीकडे, दोरीमागे उभे करावे. पलीकडे कोणीही नको, फोटो काढणारेसुद्धा नकोत.

ताशी ३० कि.मी. वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून पडणे. वेगाच्या वर्गाला १९.६ ने भागून पाहा. ही उंची घराच्या एका मजल्याहून जास्त आहे. म्हणून हेल्मेटवाचून कोणालाही सुटू देऊ नये. हेल्मेटचे काम समजायला सोपे आहे. दीड मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आपटले आणि तीन मिलिमीटरांत थांबले, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या ५०० पट होते (१५०० मिलिमीटर भागिले ३). हेल्मेटमधला फोम दोन सेंटिमीटर दबला, तर तेच ७५ पट. हेल्मेट धडक टाळत नाही. थांबायला थोडी जागा देते.

घड्याळ किती खरे बोलते?

आता त्या मुलाचा प्रश्न. आधी एक प्रयोग करा. मित्राला ३० सेंटिमीटरांची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्यापाशी तुमची बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली, की पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली असेल, तर तुमचा प्रतिक्रियाकाल झाला ०.२ सेकंद. पाहणे, कळणे आणि बोट हलणे, यांत एवढा वेळ जातोच. म्हणजे मोबाईलवरचे घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवत असले, तरी तो आकडा तुमच्या बोटाला ठाऊक नसतो.

ही चूक दोन प्रकारची असते. समजा, मी प्रत्येक वेळी बटण ०.२ सेकंद उशिरा दाबतो. ही झाली कायम चूक. एकाच माणसाने सर्वांची वेळ घेतली, तर ती सर्वांना सारखीच लागू होते आणि क्रमांक बदलत नाही. पण मी कधी ०.१ सेकंद लवकर, कधी ०.१ सेकंद उशिरा दाबतो. ही आकस्मिक चूक. ती वजा करता येत नाही, फक्त किती आहे ते सांगता येते. २०१७ साली आम्ही दोन तुकड्यांना दोन माणसे आणि दोन घड्याळे दिली. त्यामुळे कायम चूकही सारखी राहिली नाही. अशा मोजणीत ०.२ सेकंदाच्या फरकाला काही अर्थच नव्हता. दोघांपैकी कोण आधी आले असते, हे आमच्या घड्याळांना सांगता येत नव्हते. आणि ते मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले.

२०१८ साली आम्ही शर्यत तलावाच्या रस्त्यावर, एकेकाला सोडून घेतली. सुरुवातीला एक घड्याळ, समाप्तीला एक. दोन्ही घड्याळे एकाच माणसाने दोन्ही हातांनी एकदम चालू केली आणि शर्यतीनंतर पुन्हा शेजारी ठेवून ताडून पाहिली. त्यांच्यात थोडा फरक असता, तरी तो सर्व स्पर्धकांना सारखाच लागला असता. सुटण्याची वेळ आधीच ठरलेली होती: सात वाजता पहिला, सात-दोनला दुसरा. उशिरा निघाला तर तोटा त्याचा. समाप्तीपाशी तिघांनी वेळ टिपायची आणि तिन्हींतील मधली धरायची. आदल्या दिवशी या तिघांनी दहा-बारा वेळा सराव केला. त्यांच्या आकड्यांत क्वचितच ०.३ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला. म्हणून नियम केला, की अर्ध्या सेकंदाच्या आतील वेळा सारख्या मानायच्या. हा नियम शर्यतीपूर्वी सर्वांना वाचून दाखवला. नियम निकालानंतर केला असता, तर तो कोणाच्या तरी बाजूचा ठरला असता.

गंमत म्हणजे नियमाची गरज लगेच पडली. पहिल्या दोघांत ०.३ सेकंदाचा फरक निघाला. दोघांना पहिला क्रमांक दिला. काही प्रेक्षक कुरकुरले, "एवढं सगळं करून शेवटी बरोबरीच?" पण ती बरोबरी खरी होती. आदल्या वर्षीचा तो मुलगा आता दहावीत होता. तो पाचवा आला. फळ्यावर लिहिलेल्या सर्व वेळा त्याने वहीत उतरवून घेतल्या, शेजारच्यांशी वजाबाक्या करून पाहिल्या आणि वही मिटली. या वेळी त्याने काही विचारले नाही.

करून पाहा

१. बाहेरचा सायकलस्वार आतल्यापासून अर्ध्या मीटरवर आहे. आठ फेऱ्यांत तो किती जादा जाईल?
२. एका फेऱ्याचे अंतर २.२० मीटरांऐवजी चुकून २.२१ मीटर धरले. २ किलोमीटरांचा मार्ग किती आखूड पडेल?
३. शांत हवेत ताशी २० कि.मी. वेगाने जाणारा मुलगा वाऱ्याविरुद्ध ताशी १५ आणि वाऱ्याबरोबर ताशी २५ कि.मी. वेगाने जातो. एक किलोमीटर जाऊन परत येण्याच्या शर्यतीत 'जाताना तोटा, येताना फायदा, फिटंफाट' हे म्हणणे बरोबर आहे काय?
४. पट्टी १५ सेंटिमीटरांवर पकडली, तर प्रतिक्रियाकाल किती?

उत्तरे: (१) सुमारे २५ मीटर. (२) सुमारे ९ मीटर. (३) नाही. जायला ४ मिनिटे, यायला २.४ मिनिटे, एकूण ६.४ मिनिटे, शांत हवेत ६ मिनिटे. वाऱ्याविरुद्ध जाण्यात वेळ जास्त जातो, म्हणून तोटाच मोठा. (४) सुमारे ०.१७ सेकंद.